मंगळवारचं तिकीट

मुलगी जर्मनीत शिकायला गेली तेव्हा तिचे पैसे आणि तिचा प्रवास, दोन्ही मी माझ्या हाती ठेवले. तिच्या तिथल्या खात्यातून महिन्याला ठरलेलीच रक्कम निघायची. खोलीभाडं आणि जेवण भागलं की संपली. वरचं लागेल ते मी इथून पाठवायचं. त्यासाठी आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून एसटीनं गोंदियाला जायचं, बँकेत फॉर्म भरायचा आणि तो परत घ्यायचा. "चाचाजी, कोड गलत डाला है," बाबू म्हणायचा. पैसे कशासाठी पाठवतो त्याचा तो कोड; बरोबर कोणता, ते सांगायचा नाही. शिक्षणासाठी असं लिहिलं तर कॉलेजचं पत्र आणा, घरखर्चासाठी लिहिलं तर नातं सिद्ध करा. पोरगी माझीच आहे हे मी त्या काउंटरवर किती वेळा सिद्ध केलं, देव जाणे.

पण हा हट्टही माझाच होता. ती म्हणायची, "बाबूजी, कार्डाचा नंबर देऊन ठेवा, तिकीट मी इथूनच काढते."

"तुला व्यवहार कळत नाही," मी म्हणायचो. व्यवहार मला कळत होता.

तीन वर्षांपूर्वी तिच्या आईला गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं होतं. रविवारी मुलीचा फोन आला. "सुटी मंजूर झाली. पत्र पाठवलंय, बघा. मंगळवारचं तिकीट काढा."

"मंगळवारी अमावस्या आहे."

"विमानाला काय करायचंय अमावस्येचं?"

"घरात आजारपण आहे. अमावस्येला आपल्यात कुणी निघत नाही. गुरुवारी नीघ."

अमावस्या हे अर्धं कारण झालं. तिकिटवाल्यानं सांगितलं होतं, "अंकल, गुरुवार का सस्ता पड़ेगा." दुसरं अर्धं ते. ती मंगळवारी निघाली असती तर बुधवारी दुपारी दवाखान्यात पोचली असती. बायको बुधवारी संध्याकाळी गेली. दिवसभर शुद्धीवर होती, पोरगी कुठवर आली ते विचारत होती. गुरुवारी माती झाली. शुक्रवारी मुलगी आली.

तिच्याआधी माझी मोठी बहीण येऊन बसली होती. तिनं विचारलं, "काऊन बा, पोरगी मायच्या मातीलेबी नाही आली?" घर माणसांनी भरलेलं. मी म्हणालो, "सुटी नाही मिळाली तिला."

बस, एवढंच बोललो. मुलगी आली तेव्हा ते वाक्य गावभर झालं होतं. तिनं ते ऐकलं, पण मला खोटं पाडलं नाही. तेराव्यानंतर परत गेली, ती आजवर आली नाही. आता ती कमावते, तिकीट स्वतः काढू शकते. विचारलं की म्हणते, "तिथं येऊन मी काय ऐकू?"

यंदा बहिणीच्या नातवाचं लग्न ठरलं. यादी करताना बहीण म्हणाली, "तुह्या पोरीचं नाव लिहू का? का याही खेपेस सुटी नाही भेटत तिले?" बायका हसल्या. मला असह्य झालं. सगळ्यांसमोर सांगून टाकलं : सुटी मिळाली होती, मंगळवारचं तिकीट मी काढलं नाही, का काढलं नाही तेही.

बहिणीनं हातातला कागद खाली ठेवला. "तीन वर्षं मी त्या पोरीले टोचून राहिली, अन् तू आयकून राहिला?"

"हो, बाई."

"लाज नाही वाटली तुले?"

वाटत होती, म्हणूनच तर बोललो नव्हतो.

बहिणीनं चार घरी फिरून खरं काय ते सांगितलं. आता डोक्याला नवा ताप. कुणी मानायलाच तयार नाही. परवा बाजारात चुलतभाऊ खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, बापच तो. पोरीसाठी खोटं बोलाच लागते." त्याला मोबाईल काढून तिचं सुटीचं पत्र दाखवलं. त्यानं चष्मा नाही म्हणत परत केलं. खोटं पहिल्या फटक्यात मानलं या लोकांनी, खऱ्याला मात्र पुरावा देऊनही उपयोग नाही.

म्हणून लिहून काढलं. याच्या प्रती काढून लग्नाच्या पत्रिकेबरोबर नात्यातल्या प्रत्येक घरी देणार आहे. बहीण म्हणते, शुभकार्यात असं वाटत नाहीत. वाटीन. पहिली प्रत मुलीला पाठवली आहे. तिनं वाचल्याची खूण दिसते. उत्तर अजून नाही.