सिन्नरची बारा मशीन आणि एक नियम

आमच्या नाशिकच्या लिनक्स ग्रुपमध्ये पेनड्राइव्ह हरवतात, किस्से मात्र साठत जातात. लिनक्स म्हणजे कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशी कॉम्प्युटर चालवणारी मोकळी सिस्टीम. आणि ग्रुप म्हणजे दर रविवारी गंगापूर रोडला जमून तिच्यावरून भांडणारे आम्ही दहाजण!

*

ग्रुपचा नियम एकच: शिकवणाऱ्याने हात मागे ठेवायचे.

पहिल्याच रविवारी मी एका काकांच्या हातातला माउस ओढून घेतला आणि त्यांचा प्रिंटर चालू करून दिला.

"किती वेळ लागला?" आमच्यातला सीनियर नीलेशदादा.

"दोन मिनिटं!" मी ऐटीत.

"वा! आता काकांचा प्रिंटर अडला की आयुष्यभर तूच जा."

*

सिन्नरजवळच्या एका शाळेत बारा जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. संस्थेच्या चिटणीसांनी फर्मान काढलं, "महिनाअखेरच्या शनिवारी बघायला येतो. बाराही चालले तर ठेवू, नाहीतर भंगारात."

आम्ही लिनक्स टाकायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात बातमी आली: आम्ही वापरतो त्या लिनक्सची नवी आवृत्ती एवढ्या जुन्या मशीनवर चालणार नाही!

मी चिडून ती आवृत्ती बनवणाऱ्या कम्युनिटीच्या ऑनलाइन फोरमवर लांबलचक पोस्ट टाकली. साध्या शाळांना असं वाऱ्यावर सोडता?

तासाभरात उत्तर आलं. "मुद्दा पटला. जुन्या मशीनसाठी हलकी आवृत्ती चालू ठेवू. फक्त टेस्टिंगला माणूस नव्हता. आता तुम्ही आहात!"

नीलेशदादा म्हणाला, "आपल्याकडे तक्रार केली की थेट नेमणूकच होते."

*

पगारे मॅडम शाळेत विज्ञान शिकवतात. कॉम्प्युटरला हात लावायच्या तो तापलेल्या तव्याला लावावा तसा. त्या लिनक्स टाकताहेत आणि मी शेजारी हात मागे बांधून उभी. माझं दहा मिनिटांचं काम, त्यांना दीड तास. माझी नखं तळहातात रुतलेली!

शेवटी त्यांनीच काळजीने विचारलं, "ताई, तुमच्या हातांना काही लागलंय का?"

मी नियम सांगितला. त्या खूप हसल्या आणि उरलेली अकरा मशीन एकटीने केली.

*

डिलीट केलेल्या फाइली जातात त्या जागेला मराठी मेनूत 'कचरापेटी' लिहायचं की 'टोपली', यावर ग्रुप तीन रविवार भांडला. तिसऱ्या रविवारी आम्ही शाळेतच जमलो होतो आणि तिथले शिपाई कोंडाजीमामा शांतपणे ऐकत होते.

"त्यात टाकल्यालं परत काढता येतं का?"

"येतं ना, मामा."

"मंग कचरा कसला? माळा म्हना की!"

*

शनिवारी चिटणीससाहेब भंगारवाल्याचा टेम्पो सोबत घेऊनच आले! अकरा मशीन झटक्यात सुरू झाली. बारावं काळ्या स्क्रीनवर अडलं.

माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो कसाबसा मागे घेतला. पगारे मॅडम सावकाश टाइप करत होत्या.

"राहू द्या हो मॅडम, बघितलं मी," म्हणत साहेबांनी बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

"साहेब, हात मागे!" मॅडम टाइप करता करताच म्हणाल्या.

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. दारातल्या कोंडाजीमामांनीही घेतले. मॅडमनी आणखी दोन ओळी टाइप केल्या आणि स्क्रीन उजळला.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

साहेब हात तसेच मागे बांधून खिडकीशी गेले. "ए, रिकामा ने रे तो टेम्पो!"