पुतळ्याचे नातेवाईक

"ही पोर काय पेशंटला मेसेज करून इचारनार हाय?"

पडद्यामागून कोळीवाड्यातल्या एका मावशीचा आवाज आला आणि बाकीच्या बायका खिदळल्या. मी गुडघ्यांवर बसले होते, समोर आमचा रबरी पुतळा. त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते. त्या दिवशी मावश्यांनी त्याला घरून आणलेली लुंगीही नेसवली होती. मी त्याला नुकतीच हाक मारली होती, पण ती मलाच जेमतेम ऐकू आली.

आमच्या पॅरामेडिकच्या वर्गात एक नियम आहे: जे मोठ्याने बोललात तेवढंच केलं, असं धरायचं. नाडी बघत असाल तर 'नाडी बघतेय' म्हणायचं, तेही पेशंटच्या घरच्यांना कळेल अशा मराठीत. मी शिकले इंग्रजीत. उत्तरं डोक्यात इंग्रजीतच तयार असत. त्यांचं मराठी होईपर्यंत वेळ संपून जाई. मागच्या खेपेला त्यापायीच नापास झाले. आज जमलं नाही तर बाकीचे अ‍ॅम्ब्युलन्सवर जाणार आणि मी पुतळ्यापाशीच राहणार, हे सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

प्रसंग असा: होडीवरचा खलाशी चक्कर येऊन पडलाय, बेशुद्ध आहे. परीक्षेसाठी बोलावलेल्या मावश्या त्याच्या घरच्या झाल्या होत्या. सरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "घरी कराल तेच करा."

पडदा सरला आणि त्यांनी तेच केलं. एकीने कांदा फोडून पुतळ्याच्या नाकाशी धरला. दुसरी तळवे घासायला लागली. तिसरी "माज्या बाला, डोले उघड रं!" म्हणत खरंच रडायला लागली. सर कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून हसत होते. मलाही हसू आवरेना. तेवढ्यात मेसेजवाली मावशी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली, एका हाताने तिने पुतळ्याचा जबडा उघडला आणि तांब्या कलता केला.

सरांचं हसू थांबलं आणि ते माझ्याकडे बघत राहिले. त्या क्षणी तो पुतळा आहे हे मी विसरले, आणि कुठल्या भाषेत बोलायचं हेही विसरले.

"ओ मावशी, तांब्या खाली! बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जातं, जीव जाईल त्याचा! सगळ्या मागे व्हा, मला त्याचा श्वास बघू द्या. आणि रडायचंच असेल तर दाराबाहेर जाऊन रडा!"