चौदापैकी चार दिवस

आमच्या विमान कंपनीच्या मॅनेजरने पायलट ऑफिसर दस्तगीर मुजावरला फसवलं आणि त्यासाठी माझं नाव वापरलं. हे आधीच सांगून टाकतो.

महाराजांच्या कारकिर्दीची शेवटची वर्षं होती. विलायतेत लढाई पेटली होती. कोल्हापूरला नुकताच विमानतळ झाला होता आणि आमची कंपनी पुणे-कोल्हापूर-बेळगाव अशी टपाल आणि चार उतारू नेत असे. मी मोटारीच्या कारखान्यात फडकं मारता मारता इंजिन शिकलो आणि तिथून विमानात पोचलो. दस्तगीर कोडोलीच्या नालबंदाचा मुलगा. त्याचीही वाट तीच. दोघेही हवाई दलाच्या व्हॉलंटिअर रिझर्व्हमध्ये होतो. म्हणजे एरवी नोकरी करायची, वर्षातून चौदा दिवस जुहूला ट्रेनिंग घ्यायचं आणि हुकूम आला की गणवेश चढवायचा.

नोकरीवर घेताना मॅनेजर म्हणाला, "चौदा दिवस पायलट नसला तर विमान काय मी उडवू?"

मी म्हणालो, "दसरा, दिवाळी, ईद, सगळे रविवार आम्ही उडतो. बदल्यात चौदा दिवस सलग. मध्ये बोलवायचं नाही."

तासभर घासाघीस झाली. शेवटी त्याने हात पुढे केला. बाहेर आल्यावर दस्तगीर म्हणाला, "माझी ईद पण विकलास व्हय रे?"

"दिवाळी माझी पण गेली की."

वर्षभर आम्ही आमचा शब्द पाळला.

आमचं उडणं देशावरचं. नकाशा मांडीवर असे, पण भरवसा खुणांवर. जोतिबाचा डोंगर, पंचगंगा, रेल्वेचे रूळ, नृसिंहवाडीचा संगम. हवा धुरकट झाली की खाली यायचं, नदी शोधायची आणि तिच्या कडेने घर गाठायचं. दस्तगीरला हे मीच शिकवलं.

ट्रेनिंगला माझी पाळी आधी लागली. पहिले पाच दिवस किनाऱ्यालगत उड्डाण. सहाव्या दिवशी इन्स्ट्रक्टर मला समुद्रावर वीस मैल आत घेऊन गेला. समोर धूसर झालं. मी सवयीने विमानाचं नाक खाली केलं. त्याने मागून दांडा खेचला. उतरल्यावर म्हणाला, "तिथे नदी नाही. पाणी आणि धुकं एकाच रंगाचं. पाणी दिसेल तेव्हा तू पाण्यात असशील. उंची सोडायची नाही. फक्त कंपास आणि घड्याळ." पुढचे आठ दिवस त्याने तेवढंच करून घेतलं. तेव्हा कुठे सवय सुटली.

परत आल्यावर मी दस्तगीरला हे सगळं सांगितलं. पण सांगितलेलं डोक्यात राहतं. हाताला ते केल्याशिवाय कळत नाही.

मग तो जुहूला गेला. पाचव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी हँगरबाहेर प्लग साफ करत होतो, तर दस्तगीर टांग्यातून उतरला. हातात मोसंब्यांची पिशवी.

"उठून बसलास व्हय? तुला टायफॉइड झालाय की!"

त्याने तार दाखवली. माझं नाव, टायफॉइड, टपाल अडलं, ताबडतोब या. खरी गोष्ट अशी की मॅनेजरने एका बड्या पार्टीला पुण्याच्या शर्यतींसाठी अख्खं विमान देऊ केलं होतं आणि टपालाचं विमान त्याच दिवशी जायचं होतं. त्याला दुसरा पायलट हवा होता. रजा मोडायची नाही असं ठरलेलं, म्हणून त्याने मला आजारी पाडलं.

मी ऑफिसात जाऊन त्याचं टेबल उलटं केलं. तो म्हणाला, "राहिलेले दहा दिवस पुढच्या महिन्यात देतो."

"लिहून द्या."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

दस्तगीरने माझा दंड धरला. "जाऊ दे की. मोठा माणूस हाय, शब्द फिरवणार न्हाय." आणि पिशवी माझ्या हातात दिली. "खा. आजारी हायस."

मी चार ठिकाणी विचारल्याशिवाय वांगीसुद्धा घेत नाही. त्या दिवशी मात्र कागद न घेता बाहेर आलो.

पुढचा महिना उजाडायच्या आत आम्हा दोघांना हुकूम आला. जुहूला अ‍ॅडज्युटंटने, म्हणजे तुकडीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, दस्तगीरला विचारलं, "ट्रेनिंग?"

"चार दिवस, सर."

"बाकीचं?"

"कंपनीने परत बोलावलं."

"उडता उडता शिकशील. पुढचा."

काम होतं जहाजांच्या ताफ्यावरून गस्त घालण्याचं. नवव्या दिवशी सकाळी सहा दहाला दस्तगीर उडाला. मागच्या जागेवर वायरलेस ऑपरेटर लोबो. पुढची गस्त माझी, म्हणून मी वायरलेसच्या खोलीत थांबलो होतो.

सात बावन्नला संदेश आला. ताफा दिसला. परत फिरतो.

आठ नऊ. धूसर. किनारा दिसत नाही.

मी म्हणालो, "उंची सोडू नको म्हणून सांगा त्याला." खोलीतल्या ऑपरेटरने शेजारी उभ्या अ‍ॅडज्युटंटकडे पाहिलं. तो म्हणाला, "पाठव."

आमचा संदेश जायच्या आतच त्यांचा आला. आठ तेरा. खाली येतो.

आम्ही तीनदा पाठवला. पोच आली नाही. साडेनऊपर्यंत पुरेल इतकं पेट्रोल त्यांच्याकडे होतं. साडेनऊपर्यंत त्या खोलीत कुणी बसलं नाही. दहाला मी माझी गस्त केली. दोन दिवसांनी कोळ्यांना एक चाक आणि पंखाचं कापड सापडलं.

कोल्हापूरला शोकसभा झाली, मी रजा घेऊन गेलो. मॅनेजर बोलला. "या वीराला ट्रेनिंगसाठी आम्ही सढळ हाताने रजा दिली, याचा कंपनीला अभिमान आहे." दस्तगीरचे वडील पहिल्या रांगेत होते. सभा संपल्यावर त्यांनी मला गाठलं.

"पोराचं शिक्षान पुरं झालं हुतं नव्हं?"

"न्हाय, चाचा. चारच दिवस."

"का?"

"मी आजारी हाय म्हणून तार गेलती."

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आन् तू?"

"मी धडधाकट हुतो."

मी तेव्हा कंपनीची नोकरी सोडली नाही, हेही लिहून ठेवतो.

त्या सकाळी पायलट ऑफिसर दस्तगीर मुजावर आणि वायरलेस ऑपरेटर लोबो हे दोघे गेले. चाचा अजून कोडोलीतच आहेत. मॅनेजरही धडधाकट आहे, रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरतो. ती तार कुणी लिहिली आणि ते दहा दिवस कुठे गेले, याचं उत्तर मला नको. ते त्याने चाचांच्या ओसरीवर बसून द्यावं. कोडोलीची मोटार सकाळी सातला सुटते.