निवृत्तीचं एकुलतं पत्र

निजामाचं राज्य गेलं तेव्हा लोह्याजवळच्या एका गावातला निवृत्ती सातवी पास होता, पण सगळी उर्दूत. नव्या राज्यात या शहाण्याला मराठीत स्वतःचं नावही धड लिहिता येईना! सटवाजी पाटलाची सिंधु नव्या शाळेत मराठी शिकली होती. देवळामागच्या धुळीत बोटानं गिरवत तिनंच त्याला बाराखडी शिकवली. तिथंच दोघांचा जीव एकमेकांवर जडला.

पुढल्याच साली दुष्काळ पडला. निवृत्ती लातूरच्या आडतीत हमालीला निघाला तेव्हा सिंधु म्हणाली, "पत्र टाका. तुमचा शब्द आला तर बाबाला सांगते. न्हाईतर माझं लगीन ठरवून राहिलेत घरात."

आठ दिवस घाम गाळून त्यानं मराठीत लिहिलं, 'थांब. दिवाळीला मागणी घालायला येतो.' पाकिटावर पत्ता मात्र झोकात उर्दूत घातला, कारण गावच्या म्हाताऱ्या टपालवाल्याला तेवढंच वाचता यायचं.

उत्तर सटवाजी पाटलाचं आलं. 'पत्र सिंधुनंच माझ्या हातात आणून दिलं. पुन्हा लिहू नये.'

निवृत्ती पुन्हा गावाकडं फिरकलाच नाही. कुणी मानी म्हणेल, मी भित्रा म्हणतो. जाऊन एकदा विचारायचं तरी! त्यानं लग्न केलं, पोरंबाळं झाली, पण सिंधुनं दगा दिला हा सल तेहतीस वर्षं काही गेला नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा तो नव्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहीत बसू लागला, मराठीत. एके दिवशी अहमदपूरकडची एक विधवा निराधार बायकांना मिळणाऱ्या सरकारी पगाराचा अर्ज लिहून घ्यायला आली. नाव सांगितलं, सिंधु. दोघांनी एकमेकांना ओळखलं.

"एक पत्र टाकायला काय झालं व्हतं तुमाला?" ती म्हणाली. "म्हैनाभर टपालवाल्याची वाट बघितली मी. आलं ते एकच पाकीट, उंबऱ्यात टाकलेलं, त्येबी उर्दू. मला कुठं वाचता येतंय ते? सरकारी कागद म्हणून बाबाला नेऊन दिलं, न् पुन्हा दारात येऊन बसले."

निवृत्ती मान खाली घालून अर्ज पुरा करत राहिला. इतकी वर्षं जिच्यावर राग धरला, तिनं तर दारात बसून त्याचीच वाट पाहिली होती. खरं सांगितलं असतं तर त्याचं मन हलकं झालं असतं. पण आपल्याच हातानं आपण काय देऊन टाकलं, हे ऐकून ती कशी जगणार होती?

"ऱ्हाऊन गेलं बघा," तो म्हणाला. "पोटामागं लागलो, न् लिव्हायचं ऱ्हाऊनच गेलं."

"वाटलंच व्हतं मला," सिंधु म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत अर्ज घेऊन आत गेली.