घारीचे टॉवेल

कल्पना करा, तुमच्या हातात जखमी घार आहे. डाव्या हातानं तिचे दोन्ही पाय धरायचे, टॉवेलनं पंख आवळायचे, त्याचीच घडी डोळ्यांवर ओढायची आणि उजव्या हातातली कापूस लावलेली काडी चोचीतून थेट घशात फिरवायची. एवढं करून तुमचं बोट वाचलं, तर तुम्ही नशीबवान.

पक्ष्यांच्या उपचार केंद्रातली मावशी अठरा वर्षं हे करत होती. हातांवर ओरखडेच ओरखडे. तिची थोरली बहीण, अक्का, म्हणायची, "तुझ्या हातापेक्षा माझी चाळणी बरी!"

दोघी एकाच घरात राहत. अक्काला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं. शरीरानं ते नाकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवली होती. साधी सर्दीही परवडणारी नव्हती.

सोमवारी केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मावशीला बोलावलं. हातात सहा घारींच्या घशाच्या नमुन्यांचा अहवाल होता.

"मावशी, चार घारींत यीस्ट निघालंय. बारीक बुरशीच म्हणा. घारींना काही होत नाहीये, पण तीन औषधांना ते दाद देत नाही. अशक्त माणसाला लागलं तर कठीण. आजपासून टॉवेल उकळत्या पाण्यात."

टॉवेल म्हणताच मावशीनं हातातली टॉवेलांची पिशवी खाली ठेवली.

केंद्रातलं वॉशिंग मशीन महिनाभर बंद होतं. "मी आणते धुऊन," म्हणत ती रोज पिशवी घरी नेत होती. गरम पाण्यानं टॉवेल खरखरीत होतात, पिसं मोडतात, म्हणून गार पाण्यात धुवायची. वेगळं मशीन कशाला लावायचं, म्हणून अक्काच्या गाऊनबरोबरच.

आणि चार दिवसांपासून तिला अक्काच्या जिभेवर पांढरे डाग दिसत होते.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. अक्का बघतच राहिली.

"म्हणजे माझे गाऊन घारींबरोबर नांदत होते? तरीच मला हल्ली उडावंसं वाटतंय."

"अक्का, चेष्टा नको गं. तोंड उघड."

"काडी घारीचीच ना?"

हसता हसता अक्कानं मावशीचं मनगट धरलं, ते सोडेचना.

गुरुवारी इस्पितळातून अक्काच्या जिभेवरच्या नमुन्याचा निकाल आला. तेच यीस्ट. शिरेतून द्यायचं एकच औषध उरलं होतं, आणि नव्या मूत्रपिंडाला ते झेपेल की नाही, हे कुणीच ठामपणे सांगेना.

सलाइन चालू असताना इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, "हे डाग पहिल्यांदाच आले?"

"छे, वर्षभर येतात-जातात," अक्का म्हणाली. "त्या बुरशीवरच्या गोळ्या घेते की मी."

मावशीनं मान वर केली. वर्षभर? टॉवेल तर महिन्याभरातच घरी आले होते. यीस्ट निघालेल्या चारही घारी तिनं घरी धुतलेल्या टॉवेलांत गुंडाळल्या होत्या. उरलेल्या दोघी केंद्रातल्या कोऱ्या टॉवेलांत होत्या. टॉवेल घरी येण्याआधीचे घारींचे नमुने कुणी घेतलेच नव्हते.

सलाइनचे थेंब पडत होते. अक्काचा डोळा लागला होता. मावशी आपल्या हातांकडे बघत बसली. हे तिनं घारींकडून अक्काकडे आणलं होतं, की अक्काकडून घारींकडे नेलं होतं?