अण्णाने बुजवलेली भोकं

फोन आला तेव्हा मी गडहिंग्लजच्या बाजारात भाजी घेत होते. भट्टीत भडका उडाला, अण्णाला दवाखान्यात नेलंय, एवढंच वैनी बोलल्या. मी कोल्हापूरला पोचेपर्यंत माझा थोरला भाऊ गेला होता. पुढे दिवसकार्यापर्यंत जो येईल तो म्हणायचा, नशिबात होतं... ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. कसलं नशीब? भट्टीच्या भिंतीतली दोन भोकं नशिबाने नाही बुजवली. अण्णाने बुजवली, स्वतःच्या हाताने.

नदीच्या अंगाला, घरामागच्या खोलीत त्याची चिरमुऱ्याची भट्टी होती. सादळलेला चिरमुरा त्याने कधी गिऱ्हाइकाला दिला नाही. लहानपणी माझ्या फ्रॉकच्या ओच्यात गरम चिरमुरे ओतायचा आणि वर दटावायचा, "खा लवकर, वारं लागंल." लाकडाच्या धुराने खोकला जाईना, म्हणून त्याने भट्टी गॅसवर घेतली. सिलिंडर बाहेर ठेवले. जोडणीवाल्याने जमिनीलगत समोरासमोर दोन भोकं पाडून जाळ्या बसवल्या आणि बजावलं, "मालक, ह्यो गॅस जड असतोय. गळला तर खाली साचतोय. ही भोकं कधी बुजवू नका." अण्णाने मान डोलावली.

पुढच्या पावसाळ्यात पुराचं पाणी त्याच भोकांतून शिरलं आणि पोत्यांचा लगदा झाला. झालं! अण्णाने भोकं सिमेंटने बुजवली, दारात गुडघाभर कट्टा बांधला आणि येईल त्या पाहुण्याला कौतुकाने दाखवत सुटला, "आता थेंब आत येत न्हाय बघा!" मी भांडले. "आण्णा, पाणी बाहेर ठेवणारी खोली गॅस आत धरंल की रं!" तर म्हणाला, "पाऊस सरू दे, फोडतो की." पाऊस सरला. मग नदीवरचा ओला वारा नको म्हणून राहिलं, मग पुढचा पावसाळा आला... एके दिवशी बाहेरचा कॉक उघडा राहिला, आतली रबरी नळी चिरलेली होती. रात्रभर गॅस कट्ट्याच्या आत साचला. सकाळी माझा भाऊ कट्टा ओलांडून आत उतरला आणि त्याने लायटर पेटवला. एवढा शहाणा माणूस! आज समोर आला तर आधी भांडेन त्याच्याशी, मग रडेन.

परवा वैनींकडे गेले. भट्टी पुन्हा सुरू करायची आहे. घर तिच्यावरच चालतं. भिंत नवी, गिलावा अजून ओला. वाकून खाली बघितलं... भोकं नव्हती.

"ह्या पावसाळ्यापुरतं ऱ्हाऊ दे, वन्सं," वैनी खाली मान घालून म्हणाल्या.

मी कोपऱ्यातली गवंड्याची पहार उचलली. वैनी आडव्या आल्या, रडल्या, ओरडल्या, "पूर आला तर समदा माल जाईल! मग आमी खायाचं काय?"

"पोती माळ्यावर चढवायला मी यीन. दर पावसाळ्याला यीन," मी म्हणाले. "आधी बाजूला व्हा."

पहिलं भोक आरपार झालं, तशी मी समोरच्या भिंतीकडे वळले.