दमलेल्या मुलांच्या जाधव बाई

सकाळी शाळेच्या फाटकात उभ्या राहून जाधव बाई आत येणाऱ्या मुलांना एकच गोष्ट विचारायच्या: "झोप झाली का?" गृहपाठ झाला का, गणवेश धुतला का, हे विचारायला आम्ही शिक्षक होतोच. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांना झोपेची चौकशी करायची असायची. एखादं मूल खाली मान घालून "नाय झाली" म्हणालं, तर त्या त्याच्या वर्गशिक्षकांना हळूच सांगून ठेवायच्या, की आज याला फळ्यापाशी बोलावू नका.

मी गणिताचा शिक्षक. त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. दिघीच्या खाडीपासून थोडं आत आमचं हायस्कूल. मुलं कोळीवाड्यातली, नारळी-पोफळीच्या वाड्यांवर मजुरी करणाऱ्यांची, थोडी नोकरदारांची. पहाटे होडी लागली की मासळी निवडायला आईबरोबर बसायचं, मग अंघोळ, मग एसटी गाठून शाळा, हा कितीतरी मुलींचा रोजचा क्रम. पहिल्या तासाला त्यांच्या पापण्या मिटायला लागायच्या आणि आम्ही खडू फेकायचो. बाईंनी कधी खडू फेकला नाही. त्या ठेंगण्या, सावळ्या, आवाज इतका खालचा की मागच्या बाकावरच्यांना गप्प बसावंच लागे. कुणी धावपळ करत आलं की म्हणायच्या, "अहो, घाई कुणाला आहे?" आणि खरोखरच त्यांच्यासमोर घाई थोडी ओसरायची.

त्यांचे वडील प्राथमिक शिक्षक होते. आजोबांनी धर्मांतराच्या लाटेत बौद्ध धम्म स्वीकारलेला. हे बाई फारसं बोलत नसत. एकदाच, स्टाफरूममध्ये शिस्तीवरून वाद चालला असताना म्हणाल्या होत्या, "माझ्या आजोबांना शाळेच्या ओट्यावर बसवायचे, आत नाही घ्यायचे. त्यांची नात आत खुर्चीवर बसली. पण आत येऊन जर मुलांचा जीव घुसमटत असेल, तर आम्ही एवढं भांडून आत आलो कशाला?" चहा आला, तो सगळ्यांनी निमूट प्यायला.

चक्रीवादळात शाळेचे पत्रे उडाले. आधीच साथीमुळे शाळा बंद होती. पुढे केव्हातरी ती उघडली तेव्हा मुलं परत आली, पण ती वेगळीच मुलं होती. जरा वारा सुटला की अर्धा वर्ग छताकडे बघायचा. एखादी मोठी मुलगी विनाकारण रडायची, एखादा चांगला लिहिणारा मुलगा कोरा पेपर देऊन जायचा. संस्थेकडून सूचना आली की बुडालेला अभ्यास भरून काढा. म्हणून आम्ही जादा तास लावले, सराव परीक्षा वाढवल्या, आणि परिपाठाला प्रत्येक परीक्षेचे क्रमांक वाचून दाखवायला लागलो. बाईंना ते पसंत नव्हतं, पण त्यांनी सही केली होती. संस्थेचा आदेश होता.

दर्शना तेव्हा दहावीत होती. बाप होडीवर, आई बाजारात मासळी विकायची. मुलगी पाचवीपासून पहिली. गावातल्या मंडळाच्या पोरांनी नाक्यावर तिचा फोटो असलेला भलामोठा फ्लेक्सचा बोर्ड लावला होता, की दहावीत आमच्या गावाची लेक जिल्ह्यात पहिली येणार म्हणून. रोज येता-जाता ती त्या बोर्डाखालून जायची. सहामाहीत तिचा नंबर घसरला. परिपाठाला तो वाचला गेला, तेव्हा रांगेतून कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी ती घरून गणवेश घालून निघाली आणि शाळेत पोचलीच नाही. मधल्या सुट्टीच्या सुमारास दिघीच्या जेट्टीवरून फेरीबोटीच्या तिकीटवाल्याचा फोन आला. तुमच्या शाळेची एक पोरगी सकाळपासून बोटीवर बसून आहे, खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरत नाही, इकडेही उतरत नाही, नुसती पाण्याकडे बघते, असं तो सांगत होता. बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि मला मोटारसायकल काढायला सांगितली. वाटेत माझ्या खांद्यावरची त्यांची पकड घट्ट होत गेली.

बोट जेट्टीला लागलेलीच होती. दर्शना कठड्याच्या अगदी जवळ बसली होती. मला वाटलं, बाई तिला हाताला धरून खाली आणतील. त्या जाऊन तिच्याशेजारी बसल्या, तिच्या आणि कठड्याच्या मधे. मी मागच्या बाकावर. बोट सुटली, आगरदांड्याला गेली, गाड्या उतरल्या, गाड्या चढल्या, बोट परत निघाली. बाईंनी काही विचारलं नाही. अशा फेऱ्या होत राहिल्या. ऊन चढलं. तिकीटवाल्याने आमच्याकडे तिकिटं मागणं केव्हाच सोडून दिलं होतं.

शेवटी पोरगीच बोलली. "बाई, मना उतरायचं न्हाय. उतरलं की एकीकडं शाला हाय, एकीकडं घर हाय."

"मग नको उतरू," बाई म्हणाल्या. "मलापण नाही उतरावंसं वाटत."

तिने पहिल्यांदाच बाईंकडे पाहिलं. मग रडली. पुष्कळ वेळ रडली. शांत झाल्यावर तिने विचारलं, की मी पहिली आले नाही तर तो बोर्ड काढून टाकतील का. बाई म्हणाल्या, "निकालाची वाट कशाला बघायची? आजच काढू."

आणि त्याच दुपारी आम्ही नाक्यावर गेलो. मंडळाची पोरं गोळा झाली. त्यांचं म्हणणं, बोर्ड प्रेमाने लावलाय, गावाची इज्जत आहे, काढला तर लोक काय म्हणतील. बाई समजावत होत्या, पोरं ऐकत नव्हती. तेवढ्यात दर्शनाची आई बाजारातून तशीच आली, हाताला मासळीचा वास, पदर कमरेला खोचलेला. तिला आम्ही बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. तिने लेकीकडे पाहिलं. मग खांबापाशी गेली आणि स्वतःच दोऱ्या सोडायला लागली. "पोर माजी हाय," ती पोरांना म्हणाली. "बोर्ड तुमचा. घ्या आन् जा." बोर्ड खाली आला. पोरांनी तो गुंडाळला.

त्या दिवसानंतर बाईंनी शाळा बदलायला घेतली. क्रमांक वाचणं बंद केलं. शाळा भरायची वेळ पुढे नेली, म्हणजे मासळी निवडून येणाऱ्या मुलींना दोन घास खाता यावेत. एखादी परीक्षा बिघडली तर ती पुन्हा देता येऊ लागली. आणि पहिला तास विषयाविना ठेवला. त्या तासाला वर्गशिक्षकाने पुस्तक न उघडता मुलांमध्ये जाऊन बसायचं. मी सुरुवातीला बसलो तेव्हा कुणी काही बोलेना, मलाही काय बोलावं सुचेना. बरेच दिवस असेच गेले. मग कुणी वादळातली रात्र सांगितली, कुणी घरातलं भांडण. ऐकणं इतकं दमवणारं काम असेल हे मला ठाऊक नव्हतं. गणित शिकवणं त्यापेक्षा सोपं.

बाई तर पारच दमून गेल्या. मुलं सावरत होती, पण मोठी माणसं गाऱ्हाणी घेऊन रांगेत उभी होती. पालक येऊन म्हणायचे, की शेजारच्या शाळेत रात्रीपर्यंत क्लास चालतात, तुम्ही मुलांना गप्पा मारायला शिकवता. आमच्यातलेच काही शिक्षक वरपर्यंत तक्रारी न्यायचे. संस्थेच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, शाळा म्हणजे दवाखाना नव्हे. बाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे साहेब. दवाखान्यात न्यायची वेळ येऊ नये, एवढंच बघते." सभेने पुढे चालू ठेवा म्हटलं, पण जबाबदारी तुमची, असंही लिहून घेतलं. संध्याकाळी मी ऑफिसात गेलो तर त्या खुर्चीतच डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मुलांना समजायला वेळ लागत नाही हो, पाटील. मोठ्यांना समजावून समजावून माझं तोंड दुखतं."

त्या वर्षीचा निकाल बरा लागला. फार चांगला नाही, वाईटही नाही. दर्शना जिल्ह्यात कुठेच आली नाही. चांगल्या गुणांनी पास झाली, श्रीवर्धनला अकरावीला गेली. आईने शाळेत सुरमई आणून दिली, दुसरं काही नाही. शेजारच्या शाळेच्या नाक्यावर गुणवंतांचे बोर्ड लागले. आमच्याकडे लावण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते बोर्डावर मावणारं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या. सत्कार नको म्हणाल्या. नवे मुख्याध्यापक आले, माणूस वाईट नव्हता, पण वरून दट्ट्या होता. दिवाळीपर्यंत जुनी वेळ परत आली, मग क्रमांक, मग जादा तास. पहिला तास इंग्रजीला गेला. मी चिडून दिवेआगरला त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसून त्या वाल सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. जुनं दुखणं उलटल्यावर माणूस जसा नुसता बसून राहतो, तशा बसल्या होत्या.

"तुमच्या वर्गात काय चालतं ते तुमच्या हातात आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पण एकट्याने किती करायचं, बाई.

"एकट्याने होतं तेवढंच. मीपण तेवढंच केलं," त्या म्हणाल्या. मग थोडे वाल माझ्याकडे सरकवले. आम्ही दोघं सोलत बसलो. जाताना म्हणाल्या, "मला राग यायला हवा होता, नाही का? पण तेवढंही त्राण उरलं नाही. तुम्ही मात्र इतके दमू नका. मधे मधे बसत जा."

पुढे त्यांना पनवेलला मुलीकडे नेलं. तब्येत खालावत गेली. फोनवर आवाज आणखी खाली गेला, मला ऐकू येईनासा झाला, मग फोनही थांबले. त्या गेल्याचा निरोप मला शाळेतच मिळाला, दुपारच्या तासाला, नववीच्या वर्गात, फळ्यावर समीकरण अर्धं सोडवून झालं असताना. त्यांच्या मुलीचा मेसेज होता. मी खडू ठेवला आणि खुर्चीत बसलो. या वर्गातल्या मुलांनी बाईंना पाहिलेलं नव्हतं, त्यांना काय सांगणार. वर्गात कुजबुज झाली. पुढच्या बाकावरची मुलगी भीत भीत म्हणाली, "सर, बरं नाय वाटत का?"

मुलांसमोर असं कधी बोललो नव्हतो. म्हटलं, "नाही गं. फार दमलोय."

तिने मान हलवली, जणू तिला ते चांगलंच माहीत होतं. मग तिने आपलं पुस्तक मिटलं. शेजारणीनेही मिटलं. हळूहळू सगळ्या वर्गाने मिटलं. तास संपेपर्यंत कुणी काही विचारलं नाही, कुणी उठलं नाही. ती सगळी मुलं नुसती माझ्याबरोबर बसून राहिली.